जीसीची आरटी सकाळी एक, दुपारी एक! डोकं फिरायची वेळ आलीय

लोटेचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. लोटे परशुरामला एका एपीआय (औषधांचा मूळ घटक बनवणाऱ्या) कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) आहे, जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, माझ्याकडे येऊन चार महिने झालेत, त्याआधी एचपीएलसीवर (द्रवावर चालणारं तसलंच मशीन) होतो त्यामुळे गॅसवाल्या भानगडीत अजून कच्चा आहे हे आधीच कबूल करतो.

मशीनला हेडस्पेस (बाटलीतली वाफ उचलून आत सोडणारा भाग) जोडलेला आहे, डिटेक्टर एफआयडी (ज्योतीवर चालणारा), कॉलम (सॉल्व्हंट वेगळे करणारी लांब बारीक नळी) ६२४ प्रकारचा, ३० मीटर, ०.३२ मिमी, आतल्या अस्तराची फिल्म १.८ मायक्रॉन. रेसिड्युअल सॉल्व्हंटची (मालात उरलेलं सॉल्व्हंट मोजायची) इनहाउस मेथड, ओव्हन ४० डिग्रीला १० मिनिटं आणि मग १० डिग्री पर मिनिटने वर. कॅरिअर (नमुना वाहून नेणारा गॅस) हेलियम, कॉन्स्टंट फ्लो.

प्रॉब्लेम असा की पंधरा दिवसांपासून आरटी (रिटेन्शन टाइम, म्हणजे पीक किती मिनिटांनी येतो ती वेळ) सरकतायत. सकाळी सातला स्टँडर्ड (माहीत असलेलं मिश्रण) मारला तर मिथेनॉल २.२०, डीसीएम (डायक्लोरोमिथेन) ४.५०, इथाइल अ‍ॅसिटेट ७.२०, टोल्युइन १४.६२. त्याच सीक्वेन्समध्ये दुपारी दोनच्या सुमाराचं ब्रॅकेटिंग (मधेमधे परत मारलेला स्टँडर्ड) बघितलं तर मिथेनॉल २.१५, डीसीएम ४.३१, इथाइल अ‍ॅसिटेट ६.८३, टोल्युइन १४.४९. सॉफ्टवेअर पीक ओळखतच नाही, नाव लावायला जातं आणि पीक विंडोच्या (त्याच्यासाठी ठरवलेल्या वेळेच्या) बाहेर. मग मॅन्युअली नाव द्या, त्याचं जस्टिफिकेशन लिहा, क्यूएची (क्वालिटी विभागाची) बोलणी खा.

इंजेक्टरमधला सेप्टम (रबरी चकती) बदलला, लायनर (काचेची नळी) बदलला, गोल्ड सील बदललं, कॉलम दोन तास बेक केला (तापवून साफ केला). ढिम्म फरक नाही. काय बघू?

खारट_चहा

लीक असणार भावा. ९० टक्के वेळा लीकच असतं. दोन्ही बाजूचे नट आवळ, नाहीतर सरळ अर्धा मीटर कॉलम काप आणि नवीन फेरुल (नटातली सीलची कडी) टाकून परत बसव, आमच्याकडे असंच जातं

निवृत्त_प्लेटसंख्या

थांबा थांबा. कापाकापी नंतर. आधी लोटेकर, मला एवढंच सांगा, रात्री काय होतं? म्हणजे दुपारी लवकर आलेली आरटी रात्री दहा-अकराला परत सकाळच्या जागेवर जाते का, की एकदा सरकली की सरकतच राहते?

आम्ही पॅक्ड (भुकटी भरलेल्या जाड) कॉलमच्या काळातले. ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यांमध्ये नोकरी गेली. सुई ओढणारा रेकॉर्डर, पीक कात्रीने कापून वजन करायचं आणि फ्लो मोजायला साबणाचा बुडबुडा. त्या वेळी आरटी रोजच हलायची, म्हणून 'हलली का' हे कोणी विचारायचं नाही, 'कशी हलली' ते विचारायचे.

लोटेचा_पाहुणा

काका, रात्रीचा डेटा आत्ता काढून बघितला. रात्री साडेअकराला इथाइल अ‍ॅसिटेट ७.१७! म्हणजे परत गेली की. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं कारण रात्रपाळीचा रिपोर्ट दुसरा माणूस बघतो.

पण एक चूक करून बसलोय. खारट_चहांचा रिप्लाय वाचून काल संध्याकाळी इंजेक्टरच्या बाजूने अर्धा मीटर कॉलम कापला. आज सकाळी सातला मिथेनॉल २.१३, डीसीएम ४.३५, इथाइल अ‍ॅसिटेट ६.९६. आता तर सकाळचीच आरटी गेली 😭

खारट_चहा

अरे मी नट आवळ पण म्हणालो होतो ना आधी

द्राक्षबागेतली_केमिस्ट

😂😂 असू दे, आता कापलाय तर त्याचाच उपयोग करून घेऊ, कारण तू नकळत एक छान प्रयोग केलास. लोटेकर, कागद-पेन घे.

आधी तुझे जुने आकडे. सकाळ ते दुपार मिथेनॉल २.२० चं २.१५ म्हणजे सव्वादोन टक्के कमी. डीसीएम ४.५० चं ४.३१, सव्वाचार टक्के. इथाइल अ‍ॅसिटेट ७.२० चं ६.८३, पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे जो पीक जितका उशिरा येतो तो तितका जास्त सरकलाय, टक्क्यांतसुद्धा. टोल्युइन रॅम्पमध्ये (ओव्हन तापत जातो त्या भागात) येतं म्हणून ते एक टक्क्याच्या आत.

आता कॉलम कापल्यानंतरचे आकडे सकाळच्या जुन्या आकड्यांशी लाव. २.२० चं २.१३, ४.५० चं ४.३५, ७.२० चं ६.९६. तिन्ही साधारण सव्वातीन टक्के. सगळे सारखे!

आयसोथर्मल (तापमान स्थिर असतं त्या) भागात फ्लो किंवा लांबी बदलली की सगळे पीक एकाच प्रमाणात सरकतात, कारण गॅस सगळ्यांनाच पळवतो किंवा सगळ्यांनाच रखडवतो. तापमान बदललं की मात्र ज्याचा मुक्काम फेजमध्ये (कॉलमच्या फिल्ममध्ये) जास्त त्यालाच जास्त फरक पडतो, गॅसबरोबर सरळ निघून जाणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. तुझ्या कापाकापीचं दुखणं पहिल्या प्रकारचं आणि मूळ दुखणं दुसऱ्या प्रकारचं आहे. माझा संशय ओव्हनवर आहे. गॅस लाइनच्या मागे लागू नकोस.

लोटेचा_पाहुणा

बापरे मॅडम, हे असं टक्क्यात काढून बघायचं कोणी शिकवलंच नव्हतं, आम्ही फक्त मिनिटांचा फरक बघतो. पण ओव्हनचं कॅलिब्रेशन मार्चमध्ये झालंय, पास आहे. आणि अर्धा मीटर कापला तर ३० पैकी ०.५ म्हणजे पावणेदोन टक्के होतात, सव्वातीन कसे आले?

निवृत्त_प्लेटसंख्या

चांगला प्रश्न. ईपीसीला (गॅसचं प्रेशर सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलला) तुम्ही लांबी २९.५ करून सांगितली का? नाही ना? मग त्या बिचाऱ्याला वाटतंय कॉलम अजून ३० मीटरच आहे आणि ३० मीटरला लागणारं प्रेशर तो देतोय. प्रेशर तेच आणि नळी आखूड, म्हणजे गॅसचा वेगही वाढला आणि अंतरही घटलं. दुहेरी मार. साधारण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ कमी होतो. २९.५ भागिले ३० चा वर्ग करा, ०.९६७ येतं. बघा तुमचे सव्वातीन टक्के.

आणि हो, ईपीसी कॉलममधला फ्लो मोजत नाही! प्रेशर मोजतो आणि लांबी, व्यास, गॅसचा प्रकार, ओव्हनचं तापमान यावरून फ्लोचं गणित करतो. तुम्ही खोटं सांगितलंत तर तो खोटंच गणित करणार. स्क्रीनवर दिसणारा फ्लो हा खरा मोजलेला आकडा आहे असं समजणारी पोरं मी इंटरव्ह्यूला रोज बघायचो.

आता २९.५ टाका. आरटी पूर्ण परत नाही येणार, कॉलम खराच लहान झालाय, पण निम्मी तरी येईल.

राइनकाठचा_मराठी

काकांना +१. गॅसच्या प्रकारावरून आमच्याकडचा किस्सा. मी जर्मनीत आहे, हेलियम महाग म्हणून आमच्या लॅबने हायड्रोजनवर जायचं ठरवलं. लाइन बदलली, जनरेटर बसला, सगळं झालं आणि कॉन्फिगरेशनमध्ये गॅस मात्र हेलियमच राहिला. हायड्रोजनची व्हिस्कॉसिटी हेलियमच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे हेलियमच्या हिशोबाचं प्रेशर दिल्यावर वेग दुपटीच्या वर गेला आणि सगळे पीक सुरुवातीलाच एकमेकांच्या अंगावर. अख्खा दिवस आम्ही कॉलमला शिव्या घालत होतो. आरटी बदलली की कॉन्फिगरेशनचं पान उघडून एक एक ओळ वाचायची, ही सवय तेव्हा लागली.

लोटेचा_पाहुणा

२९.५ टाकलं, सकाळी इथाइल अ‍ॅसिटेट ७.०९ आलं. काका 🙏

दुपारी परत ६.७२. म्हणजे मूळ रोग तिथेच आहे.

अनस्क्रू

मी सर्व्हिस इंजिनिअर आहे, कुठल्या कंपनीचा ते विचारू नका. लीकवाल्या थिअरीबद्दल एक सांगतो कारण रोज तेच ऐकतो. स्प्लिट इंजेक्शन (नमुन्याचा थोडाच भाग कॉलममध्ये सोडणारं) आणि ईपीसी असेल तर सेप्टमच्या बारीकशा लीकने आरटी सहसा हलत नाही, हेड प्रेशर ईपीसी धरून ठेवतो, लीकमधून जाणारा गॅस तो वरून भरून काढतो. पीकचा एरिया हलेल, ऑक्सिजन आत जाऊन कॉलम ब्लीड (फिल्म झिजून येणारा सिग्नल) वाढेल, पण आरटी बहुतेक तिथेच राहील. लीक इतकं मोठं झालं की प्रेशरच धरत नाही तर मशीन नॉट रेडी दाखवून बसतं. नॉब फिरवायच्या जुन्या मशीनची गोष्ट वेगळी, तिथे काकांचा साबणाचा बुडबुडाच खरा.

ओव्हनच्या बाबतीत लोटेकरांना तीन प्रश्न. मशीनच्या मागे भिंत किती लांब आहे? लॅबचं तापमान दुपारी किती असतं, लॉगबुकमधलं नाही, खरं? आणि मेथडमध्ये ओव्हनचा इक्विलिब्रेशन टाइम (तापमान स्थिरावायला थांबायची वेळ) किती टाकलाय?

लोटेचा_पाहुणा

१) भिंत वीतभर. एप्रिलमध्ये नवीन ओटे टाकले तेव्हा मशीन मागे सरकवलं
२) लॉगबुकमध्ये २५ 😅 खरं सांगायचं तर एसी महिनाभर धड चालत नाहीये, मे महिन्यातली कोकणातली दुपार, घामाने ग्लोव्ह्ज निघत नाहीत हातातून. आज स्टोअरमधला थर्मामीटर आणून मशीनशेजारी ठेवला, अडीच वाजता ३४
३) अर्धा मिनिट

अनस्क्रू

सापडला तुमचा चोर.

बहुतेक जीसीचा ओव्हन खोलीच्या तापमानापेक्षा निदान चार-पाच डिग्री वर असेल तरच धड कंट्रोल होतो. त्याला फक्त हीटर आहे, थंड करायचं यंत्र नाही, मागचा फ्लॅप उघडून बाहेरची हवा आत घेणं एवढाच त्याचा गारवा. खोली ३४, मशीनच्या मागे वीतभर जागेत त्याचीच गरम हवा कोंडलेली म्हणजे तिथे ३४ पेक्षा किती तरी जास्त, आणि ओढायची आहे तीच हवा. वरून इंजेक्टर आणि डिटेक्टर दोनशेच्या पुढे तापलेले, त्यांची धग सतत ओव्हनमध्ये उतरते. अशात ४० ला कसा थांबेल तो?

अर्ध्या मिनिटाचा इक्विलिब्रेशन म्हणजे दुधात साखर. मागच्या रनला ओव्हन वरपर्यंत तापला होता, सेन्सर ४० च्या आसपास आला की मशीन रेडी म्हणतं पण भिंती आणि इन्सुलेशन अजून गरमच असतात, ती उष्णता पुढची दहा मिनिटं झिरपत राहते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ओव्हनचं ॲक्च्युअल तापमान सिग्नल म्हणून सेव्ह करता येत असेल तर चालू करा आणि दुपारचा रन बघा.

द्राक्षबागेतली_केमिस्ट

आणि त्याच वेळी मिथेनसुद्धा मार, म्हणजे फ्लोचा प्रश्न कायमचा मिटेल. मिथेन कॉलममध्ये जवळपास अडकत नाही, तो सरळ डेड टाइम (नुसत्या गॅसला कॉलम पार करायला लागणारी वेळ) देतो. सकाळी आणि दुपारी मिथेन एकाच जागी आला तर गॅसवर संशय घ्यायचं कारणच उरत नाही.

लोटेचा_पाहुणा

मिथेनचा सिलिंडर नाहीये मॅडम. सिगारेट लायटरचा गॅस चालेल का? सिनिअर म्हणतात ते तसंच करायचे.

द्राक्षबागेतली_केमिस्ट

लायटरमध्ये ब्युटेन असतं. पातळ फिल्म आणि गरम ओव्हन असेल तर चालून जातं, पण तुझी फिल्म १.८ मायक्रॉनची जाड आणि ओव्हन ४० ला, तिथे ब्युटेन थोडं अडकतंच, मग तो डेड टाइम नाही राहत. घरचा एलपीजीसुद्धा प्रोपेन-ब्युटेनच. मुंबई-पुण्यात पाइपने येतो तो गॅस बहुतांश मिथेन असतो, पण तो तुझ्या लॅबला कुठून आणणार. एफआयडीच्या कॅलिब्रेशन गॅसमध्ये मिथेन असतो, शेजारच्या कंपनीतल्या एन्व्हायर्नमेंटवाल्यांना विचार. एक मिली पुरे. सिरिंज एफआयडीच्या ज्योतीजवळ भरू नकोस एवढं सांगून ठेवते.

लोटेचा_पाहुणा

तीन दिवसांनी येतोय, सॉरी. मिथेन मिळाला (कसा ते विचारू नका, दोन वडापाव खर्च झाले).

सकाळी मिथेन १.४१, इथाइल अ‍ॅसिटेट ७.०९. दुपारी मिथेन १.४१, इथाइल अ‍ॅसिटेट ६.७२. मिथेन जागचा हलला नाही!!

ओव्हनचा सिग्नल: सकाळी ४०.० ची सरळ रेघ. दुपारी रन सुरू होताना ४०.६, मग हळूहळू चढत सहाव्या मिनिटाला ४१.९, आणि रॅम्प सुरू होईपर्यंत तिथेच. आणि मशीन निमूटपणे चालू, एक अलार्म नाही.

निवृत्त_प्लेटसंख्या

वा. आता हिशोब पुरा करू, म्हणजे तुमच्या रिपोर्टला वजन येईल. आरटीतून डेड टाइम वजा करायचा आणि डेड टाइमनेच भागायचं, हा रिटेन्शन फॅक्टर. सकाळी ७.०९ वजा १.४१, भागिले १.४१, ४.०३. दुपारी ३.७७. म्हणजे साडेसहा टक्के घट. अशा सॉल्व्हंटना ४० च्या आसपास दर डिग्रीला साडेतीन-चार टक्के फरक पडतो. सुमारे पावणेदोन डिग्री झाली. तुमचा सिग्नल काय म्हणतो? ४१.९ पर्यंत. जुळलं.

तुमच्या पहिल्या पोस्टमधले मिथेनॉल, डीसीएम घेऊन बघा, तिथे डेड टाइम १.४३ धरा. तिघांचाही फॅक्टर सहा-साडेसहा टक्क्यांनीच उतरलेला दिसेल. मिनिटांत वेगवेगळे, आरटीच्या टक्क्यांत वेगवेगळे आणि फॅक्टरमध्ये एकसारखे. याच्यासारखं सुख नाही बघा.

खारट_चहा

काका मानलं. मी आजपर्यंत आरटी हलली की कात्री घ्यायचो, खरंच सांगतो

द्राक्षबागेतली_केमिस्ट

कात्री आम्हालाही घ्यावी लागते हं, वेगळ्या कारणाने. नाशिकच्या द्राक्षांतले रेसिड्यू (पेस्टिसाइडचे उरलेले अंश) करतो, जीसी-एमएस-एमएसवर (वस्तुमानावरून ओळखणारा डिटेक्टर). क्वेचर्सचा (नमुना तयार करायच्या पद्धतीचा) अर्क कितीही साफ केला तरी सीझनला शेकडो इंजेक्शन, कॉलमचं तोंड घाण होतं, पीकला शेपट्या येतात, मग कापायचा. दर कापणीला आरटी लवकर आणि सगळ्या एमआरएमच्या (एकेका पेस्टिसाइडवर नजर ठेवायच्या) विंडो चुकतात, अर्धा पीक विंडोच्या बाहेर कापला जातो आणि बघणाऱ्याला वाटतं पेस्टिसाइड कमी निघालं. युरोपच्या सँटे (पेस्टिसाइड तपासणीच्या) गाइडलाइनमध्ये आरटीला अधिकउणे ०.१ मिनिटाचीच सूट आहे. म्हणून आम्ही रिटेन्शन टाइम लॉकिंग वापरतो, एक ठरलेला पीक ठरलेल्या मिनिटाला आणून बसवायचा, प्रेशर थोडं इकडेतिकडे करून. जीसी बनवणाऱ्या एजिलेंटच्या जुन्या पेस्टिसाइड मेथडमध्ये क्लोरपायरिफॉस-मिथाइल १६.५९३ ला लॉक करायचे, तो आकडा आमच्याकडे फोन नंबरसारखा पाठ असतो.

पण लोटेकर, तुझ्या केसमध्ये लॉकिंगचा काही उपयोग नव्हता. ओव्हनच्या चुकीला प्रेशरने ठिगळ लावलं असतंस तर एक पीक जागेवर आला असता आणि बाकीचे भलतीकडे गेले असते.

लोटेचा_पाहुणा

आता यातून सुटका कशी करू? सुरुवातीचं तापमान ४५ करून टाकू का? सोपं वाटतंय.

अनस्क्रू

सोपं आहे म्हणूनच करू नका. डीसीएमच्या आजूबाजूला काय काय येतं ते बघितलंय ना, अ‍ॅसिटोनायट्राइल अगदी चिकटून येतं, ४५ ला गर्दी होईल. शिवाय व्हॅलिडेटेड मेथड. यूएसपीच्या (अमेरिकन औषधकोशाच्या) प्रकरण ६२१ मध्ये ओव्हनच्या तापमानाला १० टक्के सूट आहे, म्हणजे ४० ला ३६ ते ४४, ४५ त्यातही बसत नाही. इनहाउस मेथडला तर तुमची एसओपी आणि क्यूए जे म्हणेल ते.

आधी फुकटचे उपाय. मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढा. मागे एक्झॉस्ट डिफ्लेक्टर असतो, हवा वर किंवा बाजूला वळवणारा पत्रा, ओटे बदलताना तो काढून ठेवला असेल तर शोधा. ओव्हन थंड होताना मागे जाऊन बघा की फ्लॅप पूर्ण उघडतोय का. बऱ्याच वेळा मोटरचा गिअर झिजलेला असतो आणि फ्लॅप अर्ध्यावर अडकतो. इक्विलिब्रेशन टाइम तीन मिनिटं करायला चेंज कंट्रोल (बदलाची लेखी मंजुरी) करावा लागेल, करा. आणि एसी. एसीशिवाय बाकी सगळं अर्धवट.

राइनकाठचा_मराठी

एसीचा झोत थेट मशीनच्या मागच्या बाजूवर येत नाही ना तेही बघ. आमच्याकडे उलटा प्रकार झाला होता, झोत मागच्या फ्लॅपवर, एसी चालू-बंद झाला की बेसलाइन नाचायची.

लोटेचा_पाहुणा

अपडेट. डिफ्लेक्टर सापडला, स्टोअररूममध्ये पेपरवेट म्हणून वापरात होता 🙃 मशीन फूटभर पुढे घेतलं. फ्लॅप ठीक आहे. एसीचा गॅस भरून घेतला, दुपारी आता २७. आजचे आकडे: सकाळी इथाइल अ‍ॅसिटेट ७.०९, दुपारी ७.०८, रात्री ७.०९. तीन मिनिटांचा इक्विलिब्रेशन अजून केलेलाच नाही, चेंज कंट्रोलवर सह्या चालू आहेत.

डिव्हिएशनमध्ये (चुकीच्या चौकशीच्या रिपोर्टमध्ये) रूट कॉज 'अ‍ॅनालिस्ट एरर' लिहा असं आधी सांगत होते. काकांचं रिटेन्शन फॅक्टरचं टेबल आणि ओव्हनचा ट्रेस जोडला, मग 'इक्विपमेंट लोकेशन अँड एन्व्हायर्नमेंट' झालं. कॉलम कापल्याची नोंद मात्र माझ्याच नावावर.

निवृत्त_प्लेटसंख्या

ती राहू द्या. लॉगबुकमध्ये खोलीचं तापमान आता थर्मामीटर बघून लिहा.

आंबोळी_२२

माझ्याकडे सगळे पीक जागेवर आहेत फक्त मिथेनॉल रोज थोडं थोडं उशिरा येतंय आणि शेपटी पण वाढतेय, ओव्हन भिंतीपासून लांब आहे, हाच प्रॉब्लेम का?

द्राक्षबागेतली_केमिस्ट

नाही, एकटाच पीक हलतोय म्हणजे ओव्हनही नाही आणि फ्लोही नाही, लायनर किंवा कॉलमचं तोंड अ‍ॅक्टिव्ह झालं असेल (मिथेनॉलला धरून ठेवत असेल). आकडे आणि क्रोमॅटोग्राम घेऊन नवीन धागा काढ, इथे नको. कात्रीला हात लावायच्या आधी काढ.